शर्यत आखतो कोण?

अपंग खेळाडूने पदक जिंकले की त्याच्या जिद्दीचे पोवाडे सुरू होतात. जिद्दीबद्दल आमचा वाद नाही. पण केवळ जिद्दीवर कारकीर्द उभी राहते काय? उत्तर आयर्लंडचा धावपटू मायकेल मॅकिलॉप याची वाटचाल तपासली तर वेगळेच वास्तव समोर येते.

1990 साली जन्मलेल्या मॅकिलॉपला सेरेब्रल पाल्सी आहे. त्यामुळे त्याच्या शरीराची उजवी बाजू अशक्त आहे. वडील पॅडी हेच त्याचे प्रशिक्षक. 2008 च्या बीजिंग पॅरालिम्पिकमध्ये त्याने आयर्लंडसाठी 800 मीटरचे सुवर्ण जागतिक विक्रमासह जिंकले. 2012 ला लंडनमध्ये 800 आणि 1500 मीटर अशी दोन्ही सुवर्णे त्याचीच. त्यातले 1500 मीटरचे पदक त्याच्या गळ्यात घातले ते आई कॅथरीन यांनी.

हे सारे टी-37 गटातले. सेरेब्रल पाल्सी किंवा तत्सम अपंगत्व असूनही पायांवर धावणाऱ्यांचे टी-35 ते टी-38 असे गट असतात. आकडा मोठा, तशी अडचण कमी. एका बाजूचे अंग दुबळे असलेल्याने तसल्याच धावपटूशी स्पर्धा करावी, हा त्यामागचा न्याय. याला कोणी सवलत म्हणत नाही.

पण पुढे काय झाले? 2016 ला रिओत त्याच्या गटाची 800 मीटर शर्यतच नव्हती. उरलेली 1500 मीटर त्याने जिंकली. 2021 मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये तीही उरली नाही. कमी अडचण असलेल्या टी-38 गटात त्याला धावावे लागले आणि पदक मिळाले नाही. तेव्हा वय 31 होते, हे खरे. पण शर्यतच बदलली होती, हेही तितकेच खरे. गुणवत्ता म्हणून जी मिरवली जाते, ती मोजण्याची पट्टी कोणाच्या तरी हातात असते.

स्त्रियांची अवस्था याहून वाईट. सेरेब्रल पाल्सी असूनही पायांवर धावणाऱ्या स्त्रियांसाठी टोकियो आणि पॅरिसमध्ये 400 मीटरच्या पुढे एकही शर्यत नव्हती. उत्तर प्रदेशच्या प्रीती पालने 2024 ला पॅरिसमध्ये टी-35 गटात 100 व 200 मीटरची कांस्यपदके जिंकली. पॅरालिम्पिकच्या धावण्याच्या शर्यतींतील भारताची ती पहिली पदके. पण एखाद्या मुलीचा दम 1500 मीटरचा असेल, तर तिने जायचे कुठे? स्पर्धक कमी म्हणून शर्यत नाही आणि शर्यत नाही म्हणून स्पर्धक घडत नाहीत, असे हे दुष्टचक्र आहे.

आपल्याकडे 2016 च्या अपंग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण दिले. सेरेब्रल पाल्सीचा समावेश त्यात आहे. त्यावर नाक मुरडणारेच पदक आले की पेढे वाटतात! समान संधी म्हणजे सर्वांना एकाच रेषेवर उभे करणे नव्हे, हे वाचकांना आम्ही नव्याने सांगायला नको. तेव्हा हार घालून थांबू नका. शर्यती ठरवणाऱ्या समित्यांत अपंग खेळाडू किती, याचा जाब विचारा. जिथे निर्णय होतो तिथे आपला माणूस नसेल, तर जिंकलेली शर्यतही पुढच्या वेळी पुसली जाते.