महागाई नेमकी कुणाची मोजता?

ऑक्टोबर 2024 मध्ये देशाचा किरकोळ महागाई दर 6.21 टक्के होता. त्याच महिन्यात खाद्यपदार्थांची महागाई 10.87 टक्के होती, आणि भाज्यांची 42 टक्क्यांच्या वर. मग ज्या घरात महिन्याचा बहुतेक पैसा पीठ, तेल, डाळ, कांदा-बटाट्यातच संपतो, त्या घराची महागाई 6.21 टक्के कशी?

ती नव्हतीच. तो आकडा त्या घराचा नाहीच, हे आधी समजून घेऊ.

ग्राहक किंमत निर्देशांक काढताना प्रत्येक वस्तूला भारांक दिला जातो. 2012 हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत खाण्यापिण्याला 45.86 टक्के भार होता. ग्रामीण भागासाठी 54.18, शहरी भागासाठी 36.29. रिझर्व्ह बँकेचं धोरण दशकभर याच मालिकेवर चाललं. भारांक येतात कुठून? सगळ्या कुटुंबांचा खर्च एकत्र करून. म्हणजे जो जास्त खर्च करतो, त्याच्या टोपलीचा प्रभाव जास्त. 1959 साली एस. जे. प्रेस या अर्थतज्ज्ञाने अशा निर्देशांकाला धनिकशाहीचा निर्देशांक म्हटलं होतं. इथे माणसाला मत नाही, रुपयाला आहे.

आता सरकारचेच आकडे घ्या. 2022-23 च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरातल्या सर्वात वरच्या 5 टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च 20,824 रुपये, सर्वात खालच्या 5 टक्क्यांचा 2,001 रुपये. वरच्या एका माणसाला खालच्या दहा माणसांइतकी मतं! जातीनुसार पाहिलं तर शहरात अनुसूचित जातींचा दरडोई खर्च 5,307 रुपये आणि ‘इतर’ म्हणून नोंदलेल्यांचा 7,333. त्यांचं एक मत, तर आपलं पाऊण मताहूनही कमी. गावात आदिवासींचा आकडा 3,016 आणि ‘इतरां’चा 4,392, हिशेब तोच. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकीय समता आणि आर्थिक विषमता यांच्यातला जो विसंवाद दाखवला होता, तो इथे थेट गणिताच्या सूत्रात बसवला आहे.

फरक किती पडतो? समजा अन्न 10 टक्क्यांनी महागलं आणि बाकी सगळं 4 टक्क्यांनी. ज्या घराचा 60 टक्के खर्च अन्नावर, त्याची महागाई 7.6 टक्के. ज्याचा 30 टक्के, त्याची 5.8. त्यात पाव लिटर तेलाची पिशवी आणि पाच रुपयांचं पाकीट घेणाऱ्याला एका मापामागे मुळातच जास्त मोजावे लागतात, ते वेगळंच.

कुणी म्हणेल, अन्न स्वस्त झालं की गरिबाची महागाई कमीही दिसेल. बरोबर आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये खाद्यपदार्थांचा दर उणे 5 टक्क्यांवर गेला, तेव्हा तसंच झालं असणार. (कांदा पिकवणाऱ्या अल्पभूधारकाला त्या स्वस्ताईत काय मिळालं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) आकडा फुगवून द्या, अशी आपली मागणी नाहीच. आमचा आकडा आम्हाला द्या, एवढंच म्हणणं आहे.

पण उलट्या दिशेने पावलं पडतात. 2023-24 च्या आर्थिक पाहणी अहवालाने सुचवलं की महागाईचं लक्ष्य अन्न वगळून ठेवण्याचा विचार व्हावा. गरिबांना झळ बसली तर थेट रक्कम किंवा कूपन द्यावं. अन्नाचे भाव व्याजदराने आटोक्यात येत नाहीत, हा त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण भरपाई किती द्यायची, हे कोणत्या निर्देशांकावरून ठरवणार? केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये 80 वर्षांखालच्या वृद्धाला केंद्राचा वाटा किती? महिना 200 रुपये. कैक वर्षं तेवढाच. सरकारी नोकराचा महागाई भत्ता मात्र वर्षातून दोनदा निर्देशांकाप्रमाणे वाढतो. तो वाढायलाच हवा, आपल्याही अनेक घरांत तो येतो. पण नाका कामगाराला, घरकाम करणाऱ्या बाईला, सफाईच्या कंत्राटी कामगाराला तो भत्ता कोण देतं?

पैशाचं मूल्य घसरलं की कुणाचा खिसा कापला जातो, हा प्रश्न आपल्यासाठी नवा नाही. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ 1923 साली लिहिणाऱ्या बाबासाहेबांनी पुढे हिल्टन यंग कमिशनपुढेही तो मांडला. रुपयाचा विनिमय दर खाली ठेवला तर देशाचा फायदा, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी दाखवलं की तो फायदा देशाचा नसतो. भाव चढतात, मजुरी त्या वेगाने चढत नाही, आणि मजुराचं नुकसान तेच व्यापारी-उद्योजक वर्गाची कमाई ठरतं.

ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय कुटुंबनिहाय खर्च निर्देशांक काढतं, त्यात प्रत्येक कुटुंबाला समान वजन असतं आणि उत्पन्नगटांनुसार वेगळे आकडेही असतात. आपल्याकडे खर्चगटांची आणि सामाजिक गटांची माहिती सर्वेक्षणात आहेच. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने दर महिन्याला खालच्या 20 टक्क्यांचा, तसंच अनुसूचित जाती-जमातींचा महागाई दर वेगळा जाहीर करावा. आपल्या खासदारांना हा तारांकित प्रश्न म्हणून विचारायला लावा, आणि अभ्यासवर्गात पुढच्या वेळी घरचा किराण्याचा हिशेब घेऊन बसा.