विडीचा ठणका, रोज्याला दोष

वडगाव रासाईत, भीमाकाठच्या उसात राबणारा रोजेदार दिवसभर विडीला शिवत नाही. दुपारी डोके ठणकते. इफ्तारला खजूर, पाणी आणि लगेच झुरका. ठणका उतरतो, दोष मात्र रोज्याला लागतो. खरे तर विडी आणि चहा तुटल्यानेही डोके दुखते. निकोटीनची ओढ पहिले २-३ दिवस सर्वाधिक असते, पुढच्या ३-४ आठवड्यांत बरीच ओसरते. म्हणजे एक रमजान पुरेसा आहे. पण संध्याकाळचा झुरका ती ओढ रोज नव्याने जागी करतो.

अर्धशिशी असणाऱ्याने अधिक जपावे. सहेरी चुकवू नये, इफ्तारनंतर थोडे थोडे पाणी पीत राहावे, चहा हळूहळू कमी करावा, झोप मोडू नये. वेदनाशामक गोळी रोजची करू नये, तिनेही डोकेदुखी जडते. औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. त्रास असह्य असेल तर आजाऱ्याला रोजा नंतर पूर्ण करण्याची मुभा कुरआननेच दिली आहे.

विडी सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. दिवसभर जो संयम पाळला, तो इफ्तारनंतरही पाळू या.