मामा, आपण मूळचे कुठले?



मध्यंतरी माझ्या भाचीला शाळेतून काम मिळालं होतं : ‘माझं मूळ गाव’ या विषयावर पानभर लिहून आणा. आजीने लगेच सांगितलं, "लिही, आम्ही मूळचे वाईचे." भाचीचा जन्म इंदूरचा, तिच्या आईचा इंदूरचा, आजीचं माहेर उज्जैनचं. वाईला आमच्यापैकी कुणी राहिल्याचं कुणालाच आठवत नाही. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, मी वाई पाहिलेलीच नाही. मग लिहू काय?"

मला उत्तर सुचलं नाही. "बघू नंतर," म्हणून मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. त्यानंतर दोन आठवड्यांनी आम्ही सगळे भीमबेटकाला गेलो. तिथे जाताना गाडीत तिला एका माणसाची गोष्ट सांगत होतो, ती सांगता सांगता उत्तर थोडंफार सापडलं. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर, म्हणजे माळव्यातल्या जुन्या मंडळींचे हरिभाऊ. जन्म ४ मे १९१९ चा, नीमचचा. आडनावाला ‘कर’ लागलं की एक गाव मागे कुठेतरी राहिलेलं असतं, तसं त्यांचंही असणार. पण त्यांची कर्मभूमी उज्जैन. त्यांचं आधीचं शिक्षण चित्रकलेचं. पुरातत्त्वाकडे ते वळले ते हातात पेन्सिल घेऊनच, आणि ती पेन्सिल शेवटपर्यंत सुटली नाही.

साल १९५७. हरिभाऊ रेल्वेने भोपाळच्या बाजूला प्रवास करत होते. खिडकीतून दूरवर डोंगरावरचे मोठमोठे खडक दिसले. त्याआधी चंबळच्या खोऱ्यात त्यांनी रंगीत चित्रं असलेले खडक पाहिले होते, त्यामुळे नजर तयार होती. अशा खडकांच्या आडोशाला माणूस राहिलेला असणार, असं त्यांच्या मनात आलं. ते उतरले आणि रान तुडवत वर गेले. वर होतं भीमबेटका.

आता यातली गंमत बघा. हे नाव सरकारदरबारी अगदीच नवं नव्हतं. १८८८ मध्येच एका इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक आदिवासींकडून ऐकून, बौद्ध अवशेषांची जागा म्हणून त्याचा उल्लेख केला होता. म्हणजे आदिवासींना जागा ठाऊक होती आणि कागदावरही ती आली होती. पण चित्रांसाठी वर चढून जाणारा अभ्यासक निघायला सत्तर वर्षं लागली. भोपाळ-इटारसी मार्गावरून मी निदान वीस वेळा गेलो असेन. औबेदुल्लागंज स्टेशन मला आठवतं ते मोबाईलची रेंज जाते म्हणून!

पण नुसतं सापडणं म्हणजे काम होणं नाही. खरं काम पुढे सुरू झालं. त्या भागात सातशेहून जास्त शैलाश्रय आहेत, म्हणजे खडकाखालचे नैसर्गिक आडोसे, आणि त्यातल्या चारशेच्या वर आडोशांत चित्रं आहेत. गवे, हरणं, हत्ती, शिकारी, हातात हात घालून नाचणारी माणसं, पुढच्या काळातले घोडेस्वार. हरिभाऊ खडकासमोर बसून त्यांच्या हाताने नकला करत. नक्कल करताना एक गोष्ट बघावी लागते : कोणती रेघ कोणत्या रेघेवरून गेली आहे. लाल हरणावर पांढरा घोडा काढलेला असेल, तर घोडा नंतरचा. असं एकेक खडक वाचत त्यांनी चित्रांचा क्रम लावला. आमच्या क्षेत्रात जुना कोड वाचून कुणी कधी काय बदललं ते शोधतात, तसंच काहीसं. फरक इतकाच, की इथे तारीख आणि नाव लिहून ठेवणारं कुणी नव्हतं.

त्यांचं सगळंच सर्वांना पटलं असंही नाही. हिरव्या रंगातली चित्रं सर्वात जुनी, पुराश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्यातली, असं त्यांचं मत होतं. इतर अभ्यासकांनी त्याला हरकत घेतली. पण वाद घालायलासुद्धा समोर नोंदी लागतात, आणि त्या त्यांनी जमवून ठेवल्या होत्या.

भीमबेटका दिसलं १९५७ मध्ये. भारतातल्या चित्रित शैलाश्रयांवरचा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध पुणे विद्यापीठात सादर झाला १९७३ मध्ये, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर. मधल्या काळात उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाचं काम, युरोपातला अभ्यास, उत्खननं, गावोगावची भटकंती हे सगळं चालूच होतं. १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७६ मध्ये रॉबर्ट ब्रूक्स यांच्याबरोबर भारतातल्या अश्मयुगीन चित्रांवर इंग्रजी पुस्तक आलं. ३ एप्रिल १९८८ रोजी सिंगापूरला त्यांचं निधन झालं. भीमबेटका जागतिक वारसा यादीत गेलं २००३ मध्ये. ते बघायला हरिभाऊ नव्हते. पस्तिशीत ‘आपलं काही झालं नाही’ म्हणून झोप उडवून घेणाऱ्या माझ्यासारख्यांनी या तारखा एकदा शांतपणे वाचाव्यात.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येतो. त्यासाठी भीमबेटकाहून थोडं उज्जैनकडे यावं लागेल. उज्जैनपासून पंचवीसेक किलोमीटरवर छोट्या काली सिंधच्या काठी कायथा नावाचं गाव आहे. तिथलं पांढरीचं टेकाड हरिभाऊंनी साठच्या दशकात खणलं. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ढवळीकर आणि अन्सारी यांनीही तिथे उत्खनन केलं. सगळ्यात खाली चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. रंगवलेली मडकी, तांब्याच्या कुऱ्हाडी, बांगड्या. तिला आता ‘कायथा संस्कृती’ असंच नाव आहे. ते लोक गेले, त्यांच्या थरावर राजस्थानातल्या आहाडसारखी भांडी वापरणारे आले. त्यांच्यावर माळवा संस्कृतीचे लोक. प्रत्येकाची भांडी वेगळी, जागा तीच.

हे ऐकून भाचीने विचारलं, "मग यातले मूळचे कोण?"

मी म्हटलं, "बाई गं, खणत गेलं की प्रत्येकाच्या खाली आणखी कुणीतरी निघतंच. आपण वरच्या थरातले."

तिने घरी येऊन पान लिहिलं. पहिली ओळ आजीचा मान राखून : आम्ही वाईहून आलो. आणि पुढे सगळं माळव्याचं. काली सिंध, कायथा, भीमबेटकाच्या एका खडकावरचे प्राणी, जे तिने मोजायला घेतले आणि शंभरच्या पुढे नाद सोडला. शेवटी स्वतः काढलेलं लाल हरीण. आजीने चष्मा लावून पान दोनदा वाचलं आणि म्हणाली, "वाईबद्दल एकच ओळ?" मग थोड्या वेळाने, "मला का नाही नेलंत रे त्या कायथ्याला? माझ्या माहेराजवळ आहे, आणि मी पाहिलेलं नाही."

तेव्हा पुढच्या रविवारी आजीसकट कायथा. पोहे-जलेबी वाटेत.

तुम्ही भीमबेटकाला जाणार असाल तर थंडीत जा, पाणी सोबत ठेवा आणि चित्रांना हात लावू नका. बेळगाव, बडोदा, हैदराबाद, गोवा, कुठेही असा, तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर एखादी जागा नक्की असेल, जिच्यावरून तुम्ही रोज नुसते जाता. एकदा उतरून बघा आणि मला कळवा.

भेटू पुढच्या महिन्यात!