ई-२० पेट्रोलवर जुन्या बाईकची ओढ का कमी होते?

धाराशिव जिल्ह्यात ढोकी, रांजणीच्या पट्ट्यात ऊस हे हक्काच्या पैशाचं पीक. उसापासून इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये मिसळतं आणि ऊस पिकवणाऱ्याच्याच बाईकच्या टाकीत येतं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं ई-२० हेच नेहमीचं पेट्रोल आहे. जुन्या गाड्यांसाठी इथेनॉलविरहित पेट्रोलही ठेवा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार जुन्या धाटणीच्या दुचाकींचं मायलेज ई-२० मुळे ३ ते ४ टक्के घटू शकतं. पण हा आकडा मायलेजचा. ‘गाडीला पिकअपच नाही’ ही तक्रार वेगळी आहे आणि तिचा माग इनटेक मॅनिफोल्डपर्यंत जातो.

मॅनिफोल्ड म्हणजे हवा आणि इंधन इंजिनच्या व्हॉल्व्हपर्यंत नेणारी नळी. ती लांब, अरुंद असेल तर कमी आरपीएमलाही हवेचा वेग टिकतो, ओढ मिळते. आखूड, रुंद असेल तर जोर वरच्या आरपीएमला येतो. दुधाचे कॅन लादून चढ चढणाऱ्या १०० सीसी गाडीला पहिलीच सोय हवी.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल या नळीच्या तोंडाशीच हवेत मिसळतं आणि वाटेत त्याची वाफ व्हावी लागते. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. थंडीच्या सकाळी थेंब नळीला चिकटून राहतात, गाडी मिसिंग करते. शिवाय एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. कार्ब्युरेटरचा जेट ठरावीक मापाचा, तो जास्त इंधन सोडत नाही. मिश्रण पातळ होतं, जोर घटतो. बीएस-६ नंतरच्या (एप्रिल २०२०) बहुतेक बाईकमध्ये इंजेक्टर व्हॉल्व्हजवळ असतो आणि ऑक्सिजन सेन्सर पाहून इंधन वाढवलं जातं, म्हणून त्यांना हा त्रास कमी.

खरी गोम मात्र मॅनिफोल्डच्या रबरात आहे. जुन्या प्रतीचं रबर इथेनॉलने फुगतं, कडक होतं, चिरतं. चिरेतून फुकटची हवा आत गेली की आधीच पातळ असलेलं मिश्रण आणखी पातळ होतं. रेस आपोआप वरखाली होऊ लागली, तर इंजिन खोलायच्या आधी हे रबर आणि त्याचा क्लॅम्प तपासून घ्या. सुटा भाग स्वस्त आहे. पण जुन्या लाखो बाईकचं रबर बदलायचं कुणाच्या खर्चाने, हे इथेनॉल धोरणात कुठेच आलेलं नाही. सध्या तो भार मालकाच्याच खिशावर आहे.