कुत्रा पाळताय? मग रात्रीचं काय?

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला ‘माय पेट डॉग’ हा निबंध पाठ करावा लागायचा. त्यातला कुत्रा दूध-बिस्कीट खायचा, बॉल आणून द्यायचा आणि रात्री मालकाच्या पायाशी झोपायचा. आपल्या बेल्हे परिसरातला कुत्रा रात्री कुठे असतो? वस्तीवर, अंगणात नाहीतर गोठ्याबाहेर, साखळीला बांधलेला. का, तर राखण! माझं मत स्पष्ट आहे. आपल्या भागात कुत्र्याला रात्री उघड्यावर बांधणं ही राखण नव्हे, ते बिबट्याला दिलेलं आवतण आहे.

हे मी उगाच म्हणत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून जुन्नर वनविभाग होतो. इथे धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्याला लपायला जागा झाली. त्याची पिल्लंसुद्धा उसातच होतात. पण उसात हरणं थोडीच असतात? मग तो खातो काय? याचं उत्तर शेजारच्या अकोले तालुक्यात मिळालं. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बिबट्यांची विष्ठा तपासली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिबट्याच्या आहारात, वजनाच्या हिशेबाने, ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली आणि त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के! गंमत पुढे आहे. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी शेळ्यांचा वाटा फक्त ११ टक्के. कारण साधं आहे. शेळ्या रात्री आत कोंडतात, कुत्रा बाहेर असतो.

म्हणजे उपाय आपल्याला माहीत आहे, फक्त तो आपण कुत्र्यासाठी करत नाही. सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात बैल घेताना लोक दात बघतात, खूर बघतात, चालवून बघतात. कुत्रा फुकट येतो, म्हणून त्याची किंमतही फुकटच! कुत्र्यालाही रात्री बंद जागा हवी. चारही बाजूंनी मजबूत जाळी आणि वरून छप्पर. छप्पर विसरू नका, बिबट्या भिंत सहज चढतो. आत साखळी नको. भुंकणं आतूनही ऐकू येतं, तेव्हा राखण काही बुडत नाही. खिळ्यांचा पट्टा हा एक आधार, पण बंद जागेची जागा तो घेऊ शकत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडची माणसंच असे पट्टे गळ्यात घालून शेतात जाताना साऱ्या देशाने पाहिली. त्याआधी काही दिवसांतच बिबट्याने तिथली माणसं मारली होती, त्यात लहान मुलंही होती. कुत्र्यामागे बिबट्या घराच्या ओट्यापर्यंत येतो, हे लक्षात घेतलं की हा प्रश्न फक्त कुत्र्याचा राहत नाही.

आता आपल्या हॉस्टेलकडे येऊ. मेसचं उरलेलं गेटजवळ पडतं, कुत्री जमतात, आपण त्यांना ‘टायगर’, ‘रॉकी’ अशी नावं ठेवतो, फोटो काढतो. रात्री अकराला मोबाईलवर बोलत त्याच गेटपर्यंत चक्कर मारतो. सुट्टी लागली की टायगर कोणाचा? कोणाचाच नाही! याला मी प्राणिप्रेम म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ ला शिक्षणसंस्थांच्या आवारातली भटकी कुत्री हलवून, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला. काही मित्रांना तो क्रूर वाटतो. मला त्याहून क्रूर वाटतं ते वर्षभर खायला घालून एकदाही लस न टोचणं.

लसीचं थोडक्यात सांगतो, कारण यात हयगय जिवावर बेतते. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. कुत्रा चावला किंवा नख लागून ओरखडा आला, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरचीपूड काहीएक लावायचं नाही. लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता सोडा, लस दंडात देतात. मात्र सगळे डोस घ्यायचे, दोन घेऊन थांबायचं नाही. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते डॉक्टरांना विचारा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. आणि हो, कुत्र्याला ताप आला म्हणून आपल्या बॅगेतली क्रोसिन किंवा ब्रुफेन घालू नका, ती त्याला विषारी ठरू शकते. चॉकलेट, द्राक्षं, मेसची कांदा-लसणाची भाजी, शिजवलेल्या कोंबडीची हाडं हीसुद्धा नकोत.

मेस कमिटीकडे माझ्या दोनच मागण्या आहेत. खरकट्याच्या ड्रमला घट्ट झाकण हवं आणि तो अंधार पडायच्या आत रिकामा व्हायला हवा. कुत्र्यांना लस आणि निवारा यासाठी ग्रामपंचायतीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्र द्यायचं असेल, तर मजकूर मी लिहून ठेवलाय. सह्या करायला या!