खेळण्यातला वीर आणि त्याचे प्रौढ हक्कदार

बालपणी पाहिलेल्या कार्टूनमालिका प्रौढ प्रेक्षकांसाठी नव्याने काढण्याची लाट अमेरिकेत गेल्या काही वर्षांत चांगलीच उसळली आहे. कार्टून नेटवर्कवर २००१ साली सुरू झालेली 'सामुराई जॅक' २०१७ साली परतली, ती रात्रीच्या, मोठ्यांसाठी राखलेल्या वेळेत. 'स्कूबी-डू' ही १९६९ सालची मालिका. तिच्यातील चष्मेवाली व्हेल्मा २०२३ साली रक्तपात आणि लैंगिक विनोद यांच्या संगतीत अवतरली. हे म्हणजे एका उपेक्षित कलाप्रकाराचे वयात येणे होय, असे या प्रकाराचे समर्थक म्हणतात. त्यात काहीच तथ्य नाही असे नव्हे. परंतु ज्याला वयात आणायचे तो मुळात कोण होता, हे आधी पाहिले पाहिजे. त्या दृष्टीने 'ही-मॅन'चे उदाहरण फार बोलके आहे. ते आपल्याला परकेही नाही. १९८०च्या दशकात दूरदर्शनने ही मालिका दाखविली, आणि आज पन्नाशीकडे झुकलेल्या अनेकांनी टॉवेल पाठीवर बांधून व लाकडी पट्टी उंचावून त्या वीराची नक्कल केलेली असेल.

ही-मॅनचा जन्म कोणा लेखकाच्या टेबलावर झाला नाही. 'स्टार वॉर्स' या चित्रपटाची खेळणी बनविण्याची संधी मॅटेल कंपनीने १९७०च्या दशकात हातची घालविली होती. ती केनर कंपनीने उचलली व अमाप पैसा मिळविला. त्याला उत्तर म्हणून १९८२ साली मॅटेलने ही-मॅन बाजारात आणला. त्याचे वाहन असलेला हिरवा वाघ हा कंपनीच्या 'बिग जिम' या जुन्या खेळण्यांतला वाघ होता. साचा तयार होता; रंग बदलला, पाठीवर खोगीर चढविले. वाघ बाहुल्यांच्या मानाने मोठा होता म्हणूनच तो वाहन ठरला. बहुतेक बाहुल्यांचे धडही एकाच साच्यातून निघत असे.

या बाहुल्यांना कथा मिळाली ती नंतर. फिल्मेशन या संस्थेने सप्टेंबर १९८३ पासून दोन वर्षांत १३० भाग काढले. तेथेही काटकसर तीच. धावण्याची, तलवार उपसण्याची तीच ती चित्रे पुनःपुन्हा वापरली जात. मुले तक्रार करीत नसत; ठरावीक चित्राची ती वाटच पाहत असत.

असा उद्योग त्यापूर्वी सहजासहजी करता आला नसता. १९६९ साली मॅटेलच्याच 'हॉट व्हील्स' या मोटारींवर मालिका निघाली, तेव्हा अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने तिचा काही भाग जाहिरात म्हणून नोंदवावा, अशी भूमिका घेतली होती. रेगन यांच्या कारकीर्दीत मार्क फाउलर हे आयोगाचे अध्यक्ष झाले. दूरचित्रवाणी संच म्हणजे घरातले आणखी एक उपकरण, चित्रे दाखविणारा टोस्टर, अशी त्यांची धारणा होती. मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवरची बंधने सैल झाली. १९९० साली काँग्रेसला कायदा करून जाहिरातींचा वेळ पुन्हा बांधून द्यावा लागला. तोवर एक पिढी वाढली होती.

तरीही ही मालिका केवळ जाहिरात होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. बलाढ्य वीराची तलवार जिवंत माणसावर चालत नसे. कापायचेच तर यंत्रमानव. प्रत्येक भागाच्या शेवटी एखादे पात्र मुलांशी बोलून चार शब्दांचा उपदेश करी. तो पालकांच्या टीकेवरचा उतारा होता हे उघड आहे. पण जाहिरातदारालाही मुलांशी बोलताना काही सभ्यता पाळावी लागते, ही जाणीव त्यात होती.

जुलै २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर या कथेचा पुढला भाग आला. सूत्रधार होते चित्रपट दिग्दर्शक केव्हिन स्मिथ, आणि जुन्या चाहत्यांसाठी ही मालिका आहे हे लपविलेले नव्हते. पहिल्याच भागात ही-मॅन, म्हणजेच राजपुत्र अ‍ॅडम, मरतो. त्याचे गुपित त्याची मैत्रीण टीला हिला त्या क्षणी कळते. सारे आपल्याशी वर्षानुवर्षे खोटे बोलले, या संतापाने ती राजवाडा सोडते आणि पुढचे बरेचसे कथानक तिच्याभोवती फिरते.

माझ्या मते हा विचार समर्थ होता. जुन्या मालिकेत अ‍ॅडमचे गुपित हा बालप्रेक्षकाचा सर्वांत मोठा आनंद होता. राजाला माहीत नाही, टीलाला माहीत नाही, पण मला माहीत आहे! आठ वर्षांच्या मुलाला घरात आणि शाळेत सगळे जण काही ना काही लपवून ठेवत असतात. येथे तो प्रथमच जाणत्यांच्या बाजूला बसतो. तेच गुपित पंचेचाळिसाव्या वर्षी पाहिले, म्हणजे ज्याच्यापासून ते लपविले त्याची वेदना दिसू लागते. कथेचे सूत्र एकच, अर्थ वयाप्रमाणे पालटला. प्रौढांसाठी पुनर्कथन याहून निराळे काय असावे? व्हेल्मातील रक्त आणि शिव्या यांपुढे हे कितीतरी अधिक प्रौढ आहे.

पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला तेच बिथरले. समीक्षकांनी स्वागत केले. प्रेक्षकांचा मोठा वर्ग, आपल्याला ही-मॅन दाखवितो म्हणून बोलावले आणि टीला दाखविली, असे म्हणून फसवणुकीचा आरोप करू लागला. या संतापात स्त्री-नायिकेविषयीची अढी होतीच. मात्र तेवढ्यावर सारे संपत नाही. या प्रेक्षकाला प्रौढांची कथा नको होती. त्याला पुन्हा आठ वर्षांचे व्हायचे होते आणि तेही मुलांनी मध्ये न येता. शिवाय कंपनीनेच त्याला त्याची सवय लावली होती. २००८ पासून मॅटेल प्रौढ संग्राहकांसाठी ही-मॅनच्या खास बाहुल्या विकत आली आहे. एकेकाळी ज्याला बापाकडे हट्ट करावा लागे, त्याच्या खिशात आता स्वतःचे पैसे आहेत. जो मालाचा ग्राहक, तो कथेचाही मालक असल्यासारखा बोलू लागला, तर नवल कसले?

आपल्याकडे अशाच एका प्रयोगाचे काय झाले, ते येथे आठवते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ साली चित्रपटात आला तो फुरसुंगीचा शाळकरी पोरगा म्हणून नव्हे, तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरव्यवहार खणून काढणारा तरुण म्हणून. दिलीप प्रभावळकर त्यात खुद्द भागवतांच्या भूमिकेत होते. काही जुन्या वाचकांना तो पटला, काहींना नाही. परंतु फेणे आमचा, त्याला हात लावू नका, असा दंगा कोणी केला नाही. याचे एक कारण साधे आहे. बनेश आधी पुस्तकात होता आणि पुस्तकातच राहिला. दहा वर्षांच्या मुलाला तो आजही मूळ रूपात, त्याच सायकलीवर भेटतो. चित्रपटाने त्याच्याकडून काही काढून घेतले नाही.

ही-मॅनच्या बाबतीत मुलांच्या वाट्याला काय आले? सप्टेंबर २०२१ मध्ये, म्हणजे प्रौढ मालिकेनंतर दोनच महिन्यांनी, त्याच नेटफ्लिक्सने मुलांसाठी संगणकाने चितारलेला दुसरा ही-मॅन आणला. नाव तेच, तलवार तीच, पण कथा स्वतंत्र. एकाच घरात बाप एका खोलीत एक ही-मॅन पाहणार आणि मुलगा दुसऱ्या खोलीत दुसरा, अशी ही व्यवस्था. आजी-आजोबांनी सांगितलेल्या गोष्टीत बदल होत, तेव्हा ऐकणारा समोर बसलेला असे. त्याने डोळे मिटले तर गोष्ट आखडती घ्यावी लागे, भ्यायला तर राक्षस लवकर मारावा लागे. येथे सांगणारा आणि ऐकणारा दोघेही एकाच वयाचे, आणि मुलासाठी वेगळा माल वेगळ्या फळीवर ठेवलेला.

मुलांच्या त्या मालिकेचे तीन हंगाम झाले. ऑगस्ट २०२२ नंतर तिचे नवे भाग आले नाहीत. प्रौढांच्या मालिकेचा पुढचा भाग जानेवारी २०२४ मध्ये प्रदर्शित झाला, आणि या खेपेस ही-मॅन पुन्हा मध्यभागी होता.