उपयोग काय म्हणे!

आपल्याकडे कुठल्याही हौसेच्या मागे एक प्रश्न शेपटासारखा लागलेला असतो. "त्याचा उपयोग काय?" पन्नाशीत कुणी सतार शिकायला लागलं, कुणी गच्चीत कमळं लावली, कुणी काड्यापेट्यांची लेबलं जमवली की घरातला एक तरी शहाणा हे विचारणारच. माझ्या वाट्याला हा प्रश्न गेली सहा-सात वर्षं येतोय, कारण मी याशिका मॅट १२४-जी नावाच्या जुन्या जपानी कॅमेऱ्याने, १२० च्या फिल्मवर फोटो काढते. हे मॉडेल १९७० ते १९८६ या काळात बनत होतं. म्हणजे माझा कॅमेरा माझ्या बऱ्याच वाचकांपेक्षा वयाने मोठा आहे. तेव्हा त्याला अरेतुरे करू नये. :)

प्रश्न विचारणाऱ्यांवर मी फारशी चिडत नाही. मी चिडते ते उत्तरं देणाऱ्यांवर. आम्हा फिल्मवाल्यांची एक जमात आहे. ही मंडळी "उपयोग काय?" हा प्रश्न बोर्डाच्या परीक्षेतला असल्यासारखी पेपर सोडवायला बसतात आणि चुकीची उत्तरं लिहून येतात. आधी त्यांच्याशीच दोन शब्द.

पहिलं लाडकं उत्तर म्हणजे "फिल्ममध्ये आत्मा असतो." अहो, फिल्ममध्ये चांदीचे क्षार असतात आणि जिलेटिन असतं. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनतं. आत्मा असलाच तर तो एखाद्या बिचाऱ्या बैलाचा असेल, फोटो काढणाऱ्याचा नव्हे.

दुसरं उत्तर, "फिल्म शिस्त लावते. बाराच फोटो, त्यामुळे विचार करून काढावे लागतात." हे ऐकायला छान वाटतं. पण बाराच्या बारा फ्रेम शेजारच्या मांजरावर उडवणारे लोक मला माहीत आहेत आणि फोनवर दिवसाला एकच फोटो नीट बघून काढणारेही. विचार डोक्यात होतो, त्याचं कंत्राट कॅमेऱ्याला देता येत नाही. शिवाय या उत्तराला 'आम्ही संयमी, तुम्ही उधळे' असा जो वास येतो, तो उपासाचा फराळ खाऊन दुसऱ्याच्या ताटाकडे बघणाऱ्या माणसासारखा आहे.

तिसरं उत्तर क्वालिटीचं. इथे निदान आकडे तरी आहेत. १२० च्या फिल्मवरची चौकोनी निगेटिव्ह सहा बाय सहा म्हणतात, प्रत्यक्षात ती साधारण ५६ बाय ५६ मिलिमीटर भरते. आपण लहानपणी रोल म्हणून जो ओळखायचो, त्या ३५ मिमीच्या फिल्मवरची फ्रेम असते ३६ बाय २४. म्हणजे क्षेत्रफळ साडेतीनपटीहून जास्त. त्यामुळे मोठी प्रिंट काढली तरी दाणा बोचत नाही आणि चेहऱ्यावरून उजेड सावलीकडे कसा कसा सरकत गेला ते सगळं दिसतं. गंमत म्हणजे आज 'मीडियम फॉरमॅट' म्हणून लाखो रुपयांना जे डिजिटल कॅमेरे विकले जातात, त्यातल्या बहुतेकांचा सेन्सर ४४ बाय ३३ मिमीचा असतो. आमच्या चौकोनाच्या निम्म्याहून लहान! हे सगळं खरं आहे. पण चांगला आधुनिक डिजिटल कॅमेरा बारीक तपशिलात माझ्या याशिकाला मागे टाकतो, अंधारात तर धोबीपछाड देतो, हेही तितकंच खरं आहे. मग क्वालिटीसाठी म्हणून हा खटाटोप करतो असं सांगणं म्हणजे थाप.

मग मी हे का करते? मजा येते म्हणून. बस्स.

ही मजा काय आहे ते सांगते, कारण तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. या कॅमेऱ्याला दोन भिंगं असतात, एकाखाली एक. वरचं बघायला, खालचं फोटो घ्यायला. डोळ्याला लावायचा नाही, पोटाशी धरायचा आणि वरचं झाकण उघडून आत खाली बघायचं. तिथे काचेवर चित्र उमटलेलं असतं, सुलटं, पण डावं-उजवं बदललेलं. धावणारं पोर डावीकडे गेलं की तुम्ही कॅमेरा नेमका उलट्या दिशेला फिरवता. पहिल्या महिन्यात अगदी वेड लागायची पाळी येते आणि मग एक दिवस हात आपोआप बरोबर वळतो. सायकल आल्यासारखं वाटतं. समोरच्या माणसाला दिसतं ते असं, की ही बाई मान खाली घालून एका डब्यात बघतेय. मंडईत फोन वर केला की माणसं ताठ होतात किंवा तोंड फिरवतात. माझ्या डब्याकडे मात्र भाजीवाल्या मावशी स्वतःच वाकून बघतात, "आत काय दिसतंय गं?" म्हणून. मग त्यांना दाखवावं लागतं आणि फोटो त्यानंतर निघतो.

रोल भरणं ही आणखी एक मजा. १२० च्या फिल्मला डबी नसते. फिल्मच्या पाठीशी काळा कागद असतो, त्यावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी जुळवायचा, मागचं दार लावायचं आणि मूठ फिरवत राहायची. बारा फोटो झाले की कागदाची शेवटची पट्टी जिभेने ओली करून चिकटवायची, पोस्टाच्या पाकिटासारखी. कॅमेऱ्यातला लाइट मीटर ज्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचा ती आता मिळत नाही, म्हणून मी उजेड फोनमधल्या ॲपने मोजते. (हो, फोनने. आत्मावाल्यांनी कान झाकावेत.) आणि लख्ख उन्हात तर तेही लागत नाही. ॲपर्चर १६ वर ठेवायचं, ४०० ची फिल्म असेल तर शटर एकपाचशेवर. पुण्याचा एप्रिल या हिशेबात कधी चुकत नाही.

एप्रिल चुकतो तो धुलाईच्या वेळी. डेव्हलपर वीस अंशांचा हवा आणि आमच्या नळाला तेव्हा तिसाच्या आसपासचं पाणी. मग बादलीत फ्रीजमधला बर्फ, त्यात बाटल्या उभ्या, थर्मामीटर बुडवून मी स्टुलावर. नवरा म्हणतो, घरात सरबताचं दुकान काढल्यासारखं दिसतं. शेवटी टाकीतून ओली फिल्म बाहेर काढून उजेडाला धरायची. हा क्षण मला अजून जुना झालेला नाही. बारा चौकोन, नुसत्या डोळ्यांनी कळतील एवढे मोठे, केस पांढरे आणि दात काळे असलेली आपलीच माणसं. मग बाथरूममध्ये दोरीवर लटकवून खाली कपड्यांचा चिमटा. त्या दिवशी घरात कुणी झाडू काढायचा नाही, ही आमच्याकडची लक्ष्मणरेषा.

पैसे? लागतात की. रोल, रसायनं, स्कॅनिंग असं सगळं धरलं तर एका फोटोमागे मला शंभराच्या आसपास खर्च येतो. पण एक सांगा, चौघांनी मॉलमध्ये सिनेमा बघून पॉपकॉर्न खाल्लं की त्याचा उपयोग काय, असं कुणी विचारतं? दर दोन वर्षांनी धडधाकट फोन बदलला तर? नाही विचारत, कारण ती चारचौघांची हौस असते. उपयोगाचा प्रश्न फक्त वेगळी हौस करणाऱ्यालाच विचारायचा असतो. आणि विचारणारे हेच लोक सहलीचे फोटो टाकताना ॲपमधून त्यावर दाणे, ओरखडे आणि पिवळट झाक चढवतात! ओरखडे पडू नयेत म्हणून लॅबवाल्यांनी हयात घालवली आणि आता ते फुकटात शिंपडून मिळतात.

आणखी एक टोमणा असतो, की ही परदेशी फॅशन आहे. याचं मात्र मला खरंच हसू येतं. घरातला जुना अल्बम उघडून बघा. काळी पानं, कागदी कोपऱ्यांत अडकवलेले, नक्षीदार कडांचे चिमुकले चौकोनी फोटो. ते फोटो म्हणजेच १२० ची फिल्म! निगेटिव्ह एवढी मोठी की ती सरळ कागदावर ठेवून त्याच मापाची प्रिंट काढली तरी माणसं ओळखू यायची, मोठी करायचा खर्च वाचायचा. आग्फाचा क्लिक-थ्री हा साधा स्वस्त डबा आपल्या वडोदऱ्यात बनायचा आणि मध्यमवर्गाच्या कपाटात असायचा. उटीला १९६० साली स्थापन झालेली हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 'इंदू' नावाची फिल्म बनवायची. तो कारखाना आता बंद आहे. होमाई व्यारावाला यांनी स्वातंत्र्याच्या आसपासची दिल्ली टिपली तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्यांत रोलायफ्लेक्स होता, माझ्या याशिकाचा जर्मन थोरला भाऊ. चौकोनी फोटो इन्स्टाग्रामने २०१० साली आणले असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या आजीच्या लग्नाचा फोटो एकदा फूटपट्टीने मोजावा.

आता येते मूळ मुद्द्यावर. हे पोस्ट नातेवाईक वाचतात हे मला माहीत आहे, म्हणूनच इथे लिहितेय.

काका, आपली इमारत रीडेव्हलपमेंटला चाललीय आणि दिवाळीच्या आत माळे रिकामे करायचेत, हे मान्य. पण फॅमिली ग्रुपवर तुम्ही जे लिहिलंत की आजोबांच्या निगेटिव्हची ट्रंक भंगारात देऊन टाकू, "सगळं स्कॅन झालंय, आता त्याचा उपयोग काय?", आणि त्यावर चौदा जणांनी अंगठे दाखवले, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

स्कॅन झालंय म्हणजे नेमकं काय झालंय? २०११ साली एका दुकानदाराने ट्रंकेतली वरची पाकिटं तेवढी स्कॅन करून सीडीवर दिली. त्यातला प्रत्येक फोटो आठशे पिक्सेल रुंद आहे. आजच्या फोनच्या पडद्यावरसुद्धा तो पुरता मावत नाही असं नाही, उलट पुरत नाही. त्या सीडीच्या दोन प्रतींपैकी एक उघडत नाही आणि दुसरी उघडायला आपल्यापैकी किती जणांकडे सीडी ड्राइव्ह उरलाय? निगेटिव्ह मात्र साठ वर्षांनंतरही खिडकीशी धरली की दिसते. तिला पासवर्ड लागत नाही.

१९६९ साली चंद्रावर उतरलेल्या माणसांनी परत निघताना वजन वाचवायला हॅसलब्लाड कॅमेरे तिथेच टाकले आणि फिल्म तेवढी घेऊन आले. मोलाची वस्तू कोणती हे त्यांना बरोबर कळलं होतं. आणि शिकागोच्या विवियन मायरची गोष्ट तर अगदी आपल्यासारखी. आयुष्यभर लोकांची मुलं सांभाळली आणि रोलायफ्लेक्सने रस्त्यावरचे फोटो काढले, कुणाला दाखवले नाहीत. भाडं थकलं म्हणून तिच्या गोदामातलं सामान २००७ साली लिलावात गेलं, तेव्हा त्यात निगेटिव्हचे ढीग निघाले, न धुतलेले रोलही निघाले. २००९ साली ती वारली. त्यानंतर जगाने तिचे फोटो बघितले. ते सामान घेणाऱ्याऐवजी भंगारवाल्याकडे गेलं असतं तर? आपल्याकडचा भंगारवालाही निगेटिव्ह घेतो हं. चांदीसाठी.

एक गोष्ट मी लपवणार नाही. फिल्म अमर नसते. त्या काळच्या फिल्मचा पाया ॲसिटेटचा असतो. उष्ण, दमट जागी तो कुजायला लागतो, व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, फिल्म आक्रसते. एकीला लागलं की शेजारच्या निगेटिव्हही लवकर बिघडतात. आपली ट्रंक पत्र्याखालच्या माळ्यावर किती उन्हाळे-पावसाळे काढतेय ते मोजा. गेल्या मे महिन्यात मी झाकण उघडलं तेव्हा एका कोपऱ्यातून तो वास आला. म्हणजे घाई आहेच, काका. पण ती फेकायची नाही, वेगळं करायची. आंबलेली पाकिटं बाजूला काढायची, बाकीच्या कागदी पाकिटांत घालून कोरड्या, थंड जागी ठेवायच्या आणि एकेक नीट स्कॅन करायची. त्याला मला दोन वर्षं लागतील, तीन लागतील. मला चालेल.

ट्रंकेच्या तळाशी आजोबांच्या हाताने नुसतं "पानशेत" लिहिलेलं एक पाकीट आहे. ते दुकानदारापर्यंत पोचलंच नव्हतं. त्यात बारा निगेटिव्ह आहेत. मी चार बघितल्या. एकीत आपली जुनी गल्ली आहे, १९६१ च्या पुरानंतरची, दारापर्यंत चिखल. त्या चिखलात परकर खोचून उभी असलेली मुलगी बहुतेक आत्या आहे. आत्याला विचारायचंय, पण ती फोनवर पाठवलेला फोटो नीट बघत नाही, तिला कागदावरच द्यायला हवा.

तेव्हा काका, ट्रंक माझ्याकडे पाठवा. रिक्षाचे पैसे मी देते. झाकण बांधताना दोरी घट्ट आवळू नका, आणि डिकीत उन्हात ठेवून आधी भाजीला जाऊ नका. ज्या चौदा जणांनी अंगठे दाखवलेत त्यांनी एखाद्या रविवारी घरी यावं. पांढरे हातमोजे मी देईन, चहा मिळेल, आणि कोण कुणाच्या मांडीवर बसलंय ते ओळखायचं काम तुमचं. आत्याला कोण आणतंय तेवढं खाली लिहा.